मीटिंगला बोलावलंय खरं, पण ऐकणार का? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात आपण एक छोटा लेख दिला होता, दवाखान्याची रचना ठरवताना पेशंटला सोबत घ्यायचं म्हणजे नक्की काय यावर. त्यानंतर बरीच पत्रं आली, त्यातली पाच इथे घेतेय, मुद्द्यापुरती छोटी करून. रचना म्हणजे फक्त भिंती आणि खुर्च्या नाहीत बरं का, अपॉइंटमेंट कशी मिळते, रिपोर्ट कोण आणि कधी सांगतं, फॉर्मवर काय विचारतात, नातेवाईकांना कधी आत सोडतात, हे सगळं कोणीतरी कधीतरी बसून ठरवलेलं असतं. ते ठरवताना कोण हजर होतं, यावर खूप काही अवलंबून असतं.

प्रश्न : तीन वर्षांपूर्वी माझी कॅन्सरची ट्रीटमेंट पूर्ण झाली. आता त्याच हॉस्पिटलने केमोच्या डे-केअरसाठी नवीन जागा करायला घेतलीय आणि कमिटीवर मला 'पेशंट प्रतिनिधी' म्हणून घेतलंय. दोन मीटिंगा झाल्या. बारा जण असतात, त्यात पेशंट मी एकटीच. नकाशा आधीच तयार असतो, शेवटी मला विचारतात 'तुम्हाला काय वाटतं?' आणि मी 'छान आहे' म्हणून घरी येते. मग रात्रभर स्वतःचाच राग येत राहतो. माझं काही चुकतंय का?

उत्तर : ताई, तुमचं काहीच चुकत नाहीये. बारा जणांत एकटीने बसायचं, नकाशा आधीच झालेला, बोलायला शेवटची पाच मिनिटं, आणि समोर अशी माणसं की ज्यांच्याकडे उद्या परत तपासायला जावं लागू शकतं, अशा जागी कोणीही 'छान आहे' असंच म्हणेल. ही शेवटची गोष्ट मी मुद्दाम लिहितेय कारण ती कोणी उघडपणे बोलत नाही. आजार परत आला तर याच दारात यायचंय, मग आत्ता वाईटपणा कशाला घ्या, असं आत कुठेतरी चालू असतं. हात दाखवून अवलक्षण नको वाटतं माणसाला, साहजिक आहे ते.

शेरी आर्नस्टीन नावाच्या एका अमेरिकन बाईंनी १९६९ मध्ये लोकसहभागावर एक लेख लिहिला होता. विषय शहरांच्या योजनांचा होता, पण आज आरोग्याच्या क्षेत्रातली माणसं तो सारखा काढतात. त्यांनी आठ पायऱ्यांची शिडी मांडली. खालच्या दोन पायऱ्यांवर सहभाग नसतोच, फक्त तसं दाखवलं जातं. मधल्या तीन म्हणजे माहिती देणं, मत विचारणं आणि समजूत काढणं, इथे लोकांचा आवाज कानावर पडतो पण त्याचं पुढे काय होईल हे त्यांच्या हातात नसतं. वरच्या तीन पायऱ्यांवर मात्र निर्णयातला वाटा खरोखर हलतो. कमिटीवर एक-दोन खुर्च्या द्यायच्या आणि शेवटचा शब्द स्वतःकडे ठेवायचा, हे त्यांनी समजूत काढण्याच्या पायरीवर टाकलंय, म्हणजे तुम्ही आत्ता बरोब्बर तिथे उभ्या आहात.

आता वर कसं सरकायचं. पुढच्या मीटिंगची वाट न बघता जे अध्यक्ष असतील त्यांना आधीच फोन करा आणि एकच प्रश्न विचारा, अजून काय ठरायचं बाकी आहे? भिंती हलणार नसतील, पैसे ठरलेले असतील तर तसं स्पष्ट सांगा म्हणावं, म्हणजे आपण उगाच त्यावर डोकं घालणार नाही, पण जे बाकी आहे त्यावर नकाशा काढायच्या आधी बोलवा, वरातीमागून घोडं नको. दुसरं, एकट्या जाऊ नका. अजून किमान दोघं मागा, त्यातलं एक जण सध्या ट्रीटमेंट चालू असलेलं हवं, कारण तीन वर्षांत आपणही बरंच विसरतो आणि तीन जण असले की एकाच्या तोंडी सगळ्या पेशंटची जबाबदारी येत नाही. कागद आठवडाभर आधी हवेत आणि साध्या भाषेत हवेत. तुमचा मुद्दा पहिला घ्या, शेवटचा नको. आणि तुम्ही जे म्हणालात त्याचं काय झालं, केलं की नाही केलं आणि नाही तर का नाही, हे पुढच्या मीटिंगच्या नोंदीत लिहून आलं पाहिजे. यातलं हे शेवटचं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण 'नाही' म्हणायला हरकत नाही पण गप्प बसून 'नाही' म्हणता येऊ नये. आणि हो, येण्याजाण्याचा खर्च आणि वेळेचं मानधनही मागा, संकोच करू नका, त्या टेबलावरचे बाकीचे लोक पगारी वेळेत बसलेले असतात.

मी एकदा अशाच एका मीटिंगला मदतीला गेले होते, कुठल्या हॉस्पिटलात ते सोडा. प्रत्येकासमोर नावाची पाटी होती, नाव, डिग्री, पद. एका बाईंच्या पाटीवर फक्त 'पेशंट' असं छापलेलं, नावसुद्धा नाही. त्यांनी शांतपणे पाटी उलटी केली, माझ्याकडून पेन घेतलं आणि मागच्या कोऱ्या बाजूला आपलं नाव लिहिलं, खाली लिहिलं 'चौदा महिने, खुर्ची नंबर ६'. थोड्या वेळाने आर्किटेक्टनी विचारलं की सहा नंबरचं काय आहे? मग त्या बोलायला लागल्या. सहा नंबरवर एसीचा झोत थेट अंगावर येतो आणि केमोत आधीच थंडी वाजत असते. बाथरूमच्या दाराला उंबरठा आहे, सलाईनचा स्टँड त्यावरून उचलून न्यावा लागतो, एका हाताला सुई, दुसऱ्या हाताने स्टँड, मग दार कशाने लावायचं? म्हणून बऱ्याच बायका सकाळपासून पाणीच पीत नाहीत. खोलीत एकदम शांत झालं. ज्याचं जळतं त्याला कळतं ते हे. आणि मग समोरच्या सिस्टर म्हणाल्या, 'उंबरठ्याचं आम्ही पाच वर्षं सांगतोय.'

ताई, तुमच्याकडेही अशी एखादी खुर्ची नंबर सहा असणारच. तिथपासून सुरुवात करा.

प्रश्न : मी वीस वर्षं नर्सिंगमध्ये आहे. जो तो पेशंटच्या हक्कांबद्दल बोलतो, बोलायलाच पाहिजे, पण आम्हाला कोण विचारतं? आता आमच्याकडे पेशंट आणि स्टाफ एकत्र बसून सेवा सुधारणार असं ठरलंय. माझ्या टीममधल्या मुली घाबरल्यात, सगळ्यांसमोर दोष आमच्यावरच येणार म्हणून.

उत्तर : सिस्टर, वरच्या उत्तरातलं सिस्टरांचं ते एक वाक्य मी तुमच्यासाठीच ठेवलं होतं. पेशंट आणि डॉक्टर असे दोनच डबे करून आपण बोलतो ना, तिथेच गडबड होते. मधे नर्स असतात, टेक्निशियन असतात, रिसेप्शनवरची मुलगी असते, वॉर्डातल्या मावशी असतात, या सगळ्यांना रोज दिसतं काय अडतंय ते, पण वर सांगायची सोय नाही आणि पेशंटचा राग मात्र पहिला यांच्यावरच निघतो. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. अशा माणसांना तसंच ठेवून फक्त पेशंटला आवाज दिला तर दोन दमलेली माणसं एकमेकांवर ओरडतील, दुसरं काही होणार नाही.

म्हणून एकत्र बसवायच्या आधी बरंच काम करावं लागतं. इंग्लंडमध्ये पॉल बेट आणि ग्लेन रॉबर्ट यांनी याची एक पद्धत बसवली, अनुभवावर आधारित को-डिझाइन म्हणतात तिला, आणि ती पहिल्यांदा २००५-०६ च्या सुमारास ल्युटन अँड डन्स्टेबल हॉस्पिटलमध्ये, डोकं आणि मानेच्या कॅन्सरच्या विभागात करून बघितली. त्यात आधी स्टाफशी वेगळं बोलतात. मग पेशंटच्या मुलाखती व्हिडिओवर घेतात आणि त्यातून साधारण अर्ध्या तासाची एक फिल्म करतात, ट्रीटमेंटच्या वाटेवर कुठे बरं वाटलं, कुठे अपमान वाटला, कुठे भीती वाटली असे क्षण वेचून. ती फिल्म आधी पेशंट स्वतः बघतात, त्यांना चालत असेल तरच पुढे जाते. स्टाफची वेगळी बैठक, पेशंटची वेगळी बैठक, दोघांनी आपापले मुद्दे काढायचे आणि मग एकत्र यायचं. एकत्र आल्यावर सगळे मिळून चार-पाच गोष्टी निवडतात आणि छोट्या गटांमध्ये, त्यात दोन्हीकडची माणसं असतात, त्यावर काम करतात.

वेगळ्या बैठका घेतात त्यामागे कारण आहे. तुमच्या मुलींना साहेबांसमोर आणि पेशंटसमोर जे बोलता येणार नाही ते तिथे बोलता येतं, आणि पेशंटचंही तेच. पुढे याच पद्धतीची एक लवकर होणारी आवृत्ती काढली, त्यात स्वतःच्या पेशंटच्या मुलाखती न घेता ऑक्सफर्डमध्ये आधीच जमवलेल्या मुलाखतींच्या संग्रहातून फिल्म केली. वेळ साधारण निम्म्यावर आला, आणि दुसऱ्या ठिकाणच्या गोष्टी असल्यामुळे स्टाफला ते आपल्यावर बोट दाखवल्यासारखं कमी वाटलं. तुमच्याकडे वातावरण फार तापलेलं असेल तर सुरुवात अशी करता येईल.

तुम्ही मॅनेजमेंटकडे दोन गोष्टी आधीच मागून घ्या. कुठल्याही स्टाफचं नाव फिल्ममध्ये किंवा चर्चेत येणार नाही, आणि यात निघालेलं काहीही कोणाच्या कामाच्या मूल्यमापनात वापरलं जाणार नाही, दोन्ही लेखी. छोट्या गटाचा प्रमुख विभागप्रमुख नसावा, हेही बघा. आणि टीमला सांगा की पेशंट जेव्हा फिल्ममध्ये बोलतात तेव्हा चांगलंही खूप बोलतात, रात्री दोन वाजता कोणी हात धरून बसलं होतं ते लोक वर्षानुवर्षं विसरत नाहीत. ते तुमच्यापर्यंत एरवी पोचतच नाही.

प्रश्न : मी डिझाइनच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्ट आहे जनरल वॉर्ड सुधारण्याचा, तीन महिने आहेत. तीस पेशंटकडून फॉर्म भरून घेतले तर जवळजवळ सगळ्यांनी 'समाधानी'वर टिक केलंय. आता यातून काय डिझाइन करू?

उत्तर : फॉर्म कोणी वाटले, ते बघ आधी. वॉर्डातल्या सिस्टरांनी वाटले असतील, आणि पेशंट पलंगावर पडूनच भरत असेल, तर ती टिक म्हणजे समाधान नाही, ती टिक म्हणजे 'मला अजून चार दिवस इथेच राहायचंय'. ते फॉर्म बाजूला ठेव आणि एखाद्या पेशंटची परवानगी घेऊन सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्याच्या जवळ बस, काही न विचारता. तो काय मागतो, काय मागायचं टाळतो, पाण्यासाठी किती वेळ थांबतो, पडद्याआड काय ऐकू येतं.

मी एका वॉर्डात अशी बसले होते. एका आजोबांना पॅरालिसिसचा झटका आला होता, उजवी बाजू गेलेली. सिस्टरांना बोलवायच्या बेलचं बटण पलंगाच्या उजव्या कठड्याला बांधलेलं. सगळ्याच पलंगांना उजवीकडेच होतं, वायर तिथूनच यायची. आजोबा डाव्या हाताने स्टीलचा चमचा कठड्यावर वाजवायचे आणि येणारेजाणारे म्हणायचे आजोबा त्रास देतात. त्यांच्या फाइलमध्येही लिहिलं होतं की पेशंट अस्वस्थ आहे, आवाज करतो. लांब वायर लावून बटण डावीकडे आणलं, त्या दिवसापासून चमचा बंद. फॉर्मवर याचा रकानाच नव्हता ना.

पेशंटला न विचारताही काय कळतं त्याचं एक प्रसिद्ध उदाहरण तुला कॉलेजात शिकवलं असेल, रॉजर उलरिच यांचा १९८४ चा अभ्यास. पेनसिल्व्हेनियातल्या एका हॉस्पिटलात पित्ताशयाचं ऑपरेशन झालेल्या ४६ पेशंटच्या नोंदी त्यांनी तपासल्या, निम्म्यांच्या खिडकीतून झाडं दिसायची आणि निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडंवाले थोडे लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली. पण यातला धोकाही लक्षात घे. नुसतं बघितलं तर अर्थ लावणारी तूच उरतेस. म्हणून तुला जे दिसलं ते परत पेशंटसमोर ठेव आणि विचार, मला असं वाटलं, बरोबर आहे का? तो 'नाही, तसं नाहीये' म्हणाला तर ते लिहून घे, त्या 'नाही'ला जप.

आणि कृपा करून त्यांच्यासमोर नकाशा नेऊ नकोस. नकाशा वाचता येणं हीसुद्धा एक पॉवर आहे, तुला ती शिकायला काही वर्षं लागली, आणि कागदावरच्या रेघांसमोर भलेभले होयबा होतात. त्यापेक्षा रिकाम्या खोलीत जमिनीवर चिकटपट्टी लाव, पुठ्ठ्याचा पलंग कर, पुठ्ठ्याचं बाथरूमचं दार कर, खऱ्या मापाचं, आणि त्यात खरी व्हीलचेअर फिरवून बघायला सांग. तिथे पेशंट, सिस्टर आणि सर्जन तिघंही सारखेच, कारण व्हीलचेअर अडकली की सगळ्यांना दिसते. पुठ्ठा पेशंटच्या हातात दे आणि कापायला सांग. मोठी हॉस्पिटलं बांधतानाही खऱ्या मापाच्या अशा खोल्या करून बघतात, तुझ्या बजेटमध्ये पुठ्ठा चालेल.

जाता जाता, तुझ्या तीसमध्ये कोण नाही याची यादी कर. जे बोलू शकत नाहीत, ज्यांना ती भाषा वाचता येत नाही, रात्री पलंगाखाली झोपणारे नातेवाईक, आणि एकदा आले ते परत आलेच नाहीत असे. सगळ्यांपर्यंत तीन महिन्यांत नाही पोचता येणार, दोघांपर्यंत तरी पोच.

प्रश्न : मी फिजिशियन आहे. आमच्याकडे नवीन पोर्टल येतंय, पेशंटला माझ्या नोट्स मोबाइलवर दिसणार. पेशंट घाबरतील, गैरसमज होतील आणि मला रोज पन्नास मेसेज येतील. पेशंटला अधिकार द्या हो, पण माझा वेळ कुठून आणू?

उत्तर : डॉक्टर, वेळेचा प्रश्न खरा आहे आणि पेशंटला अधिकार देण्याच्या नावाखाली तुमच्यावर विनामोबदला काम टाकलं जात असेल तर त्याविरुद्ध बोलायलाच हवं. पण भीतीबद्दल थोडी माहिती आहे आपल्याकडे. अमेरिकेत २०१० मध्ये ओपननोट्स नावाचा प्रयोग झाला, बोस्टन, पेनसिल्व्हेनिया आणि सिअ‍ॅटल अशा तीन ठिकाणी मिळून १०५ प्राथमिक उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी आपल्या नोट्स पेशंटला खुल्या केल्या. सुरुवातीला डॉक्टरांना अगदी तुमच्यासारखीच काळजी होती. वर्षभराने, निष्कर्ष २०१२ मध्ये आले, नोट्समुळे गोंधळ झाला, काळजी वाटली किंवा वाईट वाटलं असं सांगणारे पेशंट ठिकाणानुसार १ ते ८ टक्के निघाले. जवळजवळ सगळ्या पेशंटना हे चालू राहावं असं वाटत होतं, आणि प्रयोग संपल्यावर एकाही डॉक्टरने ते बंद करायचं ठरवलं नाही. काहींनी लिहायची भाषा बदलली, एवढं झालं.

ती भाषा खरंच बघा एकदा. 'पेशंट सांगितलेलं ऐकत नाही' असं लिहिताना, गोळ्या महाग पडतात म्हणून एक दिवसाआड घेतो हे माहीत असेल तर तेच लिहा ना. पेशंट वाचणार आहे हे डोक्यात असलं की नोट जास्त खरी होते, माझं तरी असं निरीक्षण आहे.

एका बाबतीत मात्र तुमच्या बाजूने आहे मी. बायॉप्सीचा रिपोर्ट रात्री अकराला मोबाइलवर येतो आणि माणूस एकटा बसून तो वाचतो, हे भयंकर आहे. पण 'मग दाखवूच नका' हा उपाय नाही. टेस्ट सांगताना तिथेच विचारा, रिपोर्ट आला की आधी मोबाइलवर बघायचाय की माझ्याकडून ऐकायचाय? पेशंट सांगेल ते फाइलमध्ये नोंदवा आणि पोर्टल बनवणाऱ्यांना सांगा की ही निवड सिस्टीममध्ये हवी. कोणाला लगेच हवं असतं, कोणाला नवऱ्यासोबत बसून ऐकायचं असतं, ते तुम्ही आणि मी कसं ठरवणार?

आणि वेळेवरून आठवलं म्हणून सांगते. १९८४ मध्ये एका अभ्यासात दिसलं होतं की पेशंट बोलायला लागल्यावर सरासरी १८ सेकंदांत डॉक्टर मधे बोलतात, १९९९ मध्ये परत बघितलं तर २३ सेकंद. पण त्या दुसऱ्या अभ्यासात हेही निघालं की ज्यांना पूर्ण बोलू दिलं त्यांना सरासरी फक्त ६ सेकंद जास्त लागले. सहा सेकंद, डॉक्टर.

प्रश्न : आई अ‍ॅडमिट होती. 'ती आज वेगळीच दिसतेय' असं मी दिवसभरात तीनदा सांगितलं, प्रत्येक वेळी 'नॉर्मल आहे' असं उत्तर आलं. संध्याकाळी आयसीयूत हलवावं लागलं. आता ती घरी आहे, बरी आहे. पण माणसाला भांडावं लागू नये अशी काही व्यवस्था करता येते का?

उत्तर : आई बऱ्या आहेत हे वाचून खूप बरं वाटलं. आणि हो, अशी व्यवस्था करता येते, काही ठिकाणी केलेलीही आहे. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये 'रायन्स रूल' आहे. आधी सिस्टर किंवा डॉक्टरशी बोला, समाधान नाही झालं तर ड्युटीवरच्या इन्चार्जशी बोला, तरीही नाही तर एका ठरलेल्या नंबरवर फोन करा आणि पेशंटला दुसऱ्या कोणाकडून तपासून घ्या. इंग्लंडमध्ये २०२४ पासून 'मार्थाज रूल' सुरू झालाय, तिथे कुटुंबाला कुठल्याही वेळी वेगळ्या तज्ज्ञ टीमला बोलावता येतं, स्टाफलाही तसंच करता येतं, आणि पेशंटला किंवा घरच्यांना 'आज कसं वाटतंय, कालपेक्षा बरं की वाईट' हे रोज विचारून नोंदवायचं असंही त्यात आहे. दोन्ही नियम एकेका मुलाच्या मृत्यूनंतर आले, दोन्हीकडे आईवडील सांगत होते आणि त्यांचं ऐकलं गेलं नव्हतं.

यातली मुख्य गोष्ट अशी की दुसरी टीम खरंच दुसरी हवी, ज्यांच्याबद्दल शंका आहे त्यांच्याकडेच फोन वाजून उपयोग नाही. नंबर पलंगासमोरच्या भिंतीवर मोठा लिहिलेला हवा, अ‍ॅडमिशनच्या कागदांच्या गठ्ठ्यात सतराव्या पानावर नको. आणि फोन केला म्हणून कोणी तोंड वाकडं करणार नाही हे स्टाफनेच पहिल्या दिवशी सांगायला हवं, 'काळजी वाटली तर हा नंबर लावा, आम्हाला राग येत नाही', बस्स, एवढं एक वाक्य.

तुम्ही हॉस्पिटलला पत्र लिहा. तक्रार म्हणून लिहायचं की सूचना म्हणून ते तुमचं तुम्ही ठरवा, पण त्यात वेळा लिहा, साडेदहाला काय सांगितलं, दोनला काय सांगितलं, काय उत्तर मिळालं, आणि असा नंबर आमच्याकडे का नसावा हे सरळ विचारा. मात्र लिहायच्या आधी आईशेजारी बसा आणि त्या दिवशी तिला स्वतःला काय होत होतं ते विचारा. तुम्हाला ती वेगळी दिसली, तिला आतून काय जाणवलं, ती सांगायचा प्रयत्न करत होती का, कोणाला सांगितलं, ते तिच्या शब्दांत पत्रात पहिलं येऊ दे. सहीसुद्धा तिची आधी, तुमची खाली.